उलटा खिळा

आमच्या छापखान्यात एखाद्या अक्षराचे खिळे संपले की बाबा त्या जागी तेवढ्याच रुंदीचा दुसरा कुठलाही खिळा उलटा खोचत. तोंड खाली, बूड वर. खिळ्याच्या बुडाला मधोमध खाच असते, त्यामुळे प्रुफावर त्या जागी दोन जाड काळ्या रेघा उमटत. १९७८ साल असेल, मी नववीत होतो. नागपूरच्या महालात एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचं एक ट्रेडल मशीन होतं आणि शाळेतून आलो की माझ्या पुढ्यात ओली प्रुफं पडत. रेघा दिसल्या की समासात फक्त ते अक्षर लिहायचं, चूक म्हणून खूण करायची नाही, असा बाबांचा नियम. चूक झालेलीच नाही, खिळा यायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बहुतेक वेळा तिथे ‘ळ’ असे. आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची, अशी १९५६ पर्यंत राजधानी राहिलेलं हे शहर. त्यामुळे आमच्याकडे लग्नपत्रिका मराठीत आणि बिलबुकं हिंदीत, असं दोन्ही चाले. हिंदी कामासाठी घेतलेल्या खिळ्यांत ‘ळ’ मोजकेच. मराठी कवितासंग्रह जुळायला घेतला की दुपारपर्यंत ‘ळ’चा खण रिकामा. मग आधीचा फर्मा छापून झाला की खिळे धुऊन परत खणात पडेपर्यंत थांबायचं.

हे सगळं मला २०१२ साली आठवलं. भाच्यानं माझ्या म्हाताऱ्या झालेल्या कॉम्प्युटरवर लिनक्सची एक हलकी आवृत्ती बसवून दिली. “मामा, आता व्हायरसची कटकट नाही, बिनधास्त वापरा,” म्हणाला आणि पुण्याची गाडी पकडून निघून गेला. मी पहिलीच मराठी फाईल उघडली, तर पानभर चौकोन. बारकाईनं पाहिलं तर प्रत्येक चौकोनात चार बारीक अंक किंवा इंग्रजी अक्षरं दोन ओळींत लिहिलेली. एका चौकोनात ० ९ आणि त्याखाली ३ ३. पुढे कळलं की जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधला हा ‘ळ’चा क्रमांक आहे. म्हणजे कॉम्प्युटर सांगत होता, इथे ‘ळ’ हवा आहे, माझ्याकडे खिळा नाही, जागा राखून ठेवली आहे. चौतीस वर्षांनी तोच उलटा खिळा, आणि तोही ‘ळ’चाच. बाबांच्या खिळ्यापेक्षा थोडा शहाणाच म्हणायचा, कारण कुठलं अक्षर हवंय तेही पोटात लिहून ठेवणारा.

या चौकोनांना जगभर ‘टोफू’ म्हणतात, सोयाबीनच्या पनीराच्या वडीसारखे दिसतात म्हणून. गूगलनं जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी फॉन्ट करायला घेतले तेव्हा त्यांचं नाव ‘नोटो’ ठेवलं, ‘नो टोफू’चं लघुरूप. मला मात्र टोफूचा राग नाही. राग कशाचा येतो ते पुढे सांगतो. आधी थोडं मागे जाऊ, कारण अक्षरं हरवण्याची गोष्ट आपल्या छपाईत अगदी सुरुवातीपासून आहे.

विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ साली छापलं गेलं. तिथले देवनागरी ठसे पंचानन कर्मकार या लोहारघराण्यातल्या कारागिरानं आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर यानं कोरलेले. मराठी लोक रोज लिहीत मोडीत, म्हणून कॅरीनं पुढे मोडीचेही खिळे पाडले आणि १८१० चा मराठी कोश मोडीत काढला. आमच्या नागपूरकर भोसल्यांची वंशावळ त्यानंतर पाच-सहा वर्षांत त्याच गावी, मोडीतच छापली गेली. नागपूरच्या राजांची हकिकत, बंगाली कारागिराच्या हातची अक्षरं, इंग्रज पाद्र्याचा छापखाना!

या दोन पुस्तकांच्या मध्ये एक रात्र आहे. ११ मार्च १८१२. संध्याकाळी कागदाच्या गोदामातून धूर येऊ लागला. छापखान्याचा कारभार पाहणारा विल्यम वॉर्ड तिथेच होता. दारं-खिडक्या बंद करून आग कोंडण्याची त्यानं शिकस्त केली, पण मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळलं. कागद, हस्तलिखितं आणि कितीतरी भाषांचे खिळे यांची राख आणि शिशाचे गोळे झाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होता, सकाळी त्याला बातमी कळली. पण ढिगारा उपसताना पोलादी ठसे शाबूत निघाले. शिसं तर वितळून खाली साचलेलंच होतं. तेच शिसं घेऊन, त्याच ठशांवरून नव्यानं खिळे ओतायला त्यांनी लगेच सुरुवात केली आणि काही महिन्यांत छापखाना पुन्हा चालू झाला.

छापखान्यातल्या माणसाला यातली मेख पटकन कळते. खिळा म्हणजे रोज झिजणारा, मोडणारा, पुन्हा ओतता येणारा माल. ठसा म्हणजे मूळ. एकेक ठसा पोलादावर हातानं कोरायला कारागिराला दिवस लागत. ठसा आहे तोवर अक्षर आहे.

मुंबईत ही विद्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमकडे आली आणि तिथे पोरवयात खिळे घासायला लागलेल्या जावजी दादाजी चौधरींनी ती उचलली. १८६४ मध्ये त्यांनी अक्षरांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ठसे आणि जावजींची चिकाटी, यांतून आलेलं ते गोलसर, भरीव अक्षर पुढे देशभरच्या छापखान्यांनी विकत घेतलं. काव्यमालेतले संस्कृत ग्रंथ त्याच अक्षरात निघाले. आमच्याकडचा सोळा पॉइंटही त्याच घराण्यातला, असं बाबा अभिमानानं सांगत. ते किती खरं आणि किती विक्रेत्यानं त्यांना पटवलेलं, देव जाणे.

देवनागरीचा खरा जाच संख्येचा. इंग्रजीवाल्याचं दोन केसींत भागतं, आम्हाला चार लागत. अखंड पद्धतीत ‘कि’, ‘की’, ‘कु’ हे सगळे वेगळे खिळे. मग अर्धी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग रफार. खुद्द लोकमान्यांनी केसरीसाठी खिळे कमी करण्याचा खटाटोप केला होता, एवढा हा प्रश्न छापखान्यांच्या जिवावरचा. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयानं तीन खंडांत काढला. तो चाळला की या खटाटोपाला किती पिढ्या लागल्या ते दिसतं.

१९९२ साली मी ट्रेडल विकलं आणि डीटीपी आणलं. शिसं रद्दीच्या भावानं गेलं. बाबा त्या दिवशी दुकानात आलेच नाहीत.

घोटाळा झाला तो इथे. पानं लावायच्या त्या काळच्या पेजमेकर सॉफ्टवेअरला जोडाक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला इंग्रजी अक्षरांची दोनशे छप्पन्न घरं माहीत. आपल्या हुशार मंडळींनी तोडगा काढला, की इंग्रजीची घरं तशीच ठेवायची आणि त्यांत चित्रं मात्र देवनागरीची भरायची. सगळ्यांना ठाऊक असलेला कृतिदेव उदाहरणाला घ्या. त्याची मांडणी रेमिंग्टनच्या हिंदी टाइपरायटरवरून घेतलेली, म्हणजे टंकलेखकांची बोटं होती तशीच चालावीत. ‘शासन निर्णय’ असं पडद्यावर दिसतं, पण फाईलमध्ये लिहिलेलं असतं ते असं : एकेरी अवतरणचिन्ह, के, के, एल, यू, मग मोकळी जागा, मग एफ, यू, टिंब, के, मोठा झेड, अर्धविराम. पहिली वेलांटी म्हणजे एफ, ‘न’ म्हणजे यू, रफार म्हणजे मोठा झेड. ‘य’ साठी अर्धविराम! फॉन्ट आहे तोवर ‘शासन निर्णय’, फॉन्ट काढला की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा मजकूर. प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात टाकला तर तिसरंच काहीतरी.

यात कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्या वेळी आमची पोटं त्यावरच भरली. पण १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचं मानक आलेलं होतं, पुण्यात सीडॅक त्यावर काम करत होतं आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच साली निघाली. देवनागरीची युनिकोडमधली मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. ‘ळ’ हे अक्षर वेगळं आणि ‘ळ’चं चित्र वेगळं, हा विचार तयार होता. आम्ही डीटीपीवाल्यांनी तो दहा-पंधरा वर्षं दाराबाहेर ठेवला. श्रीरामपूरच्या आगीत खिळे गेले, ठसे राहिले. आम्ही उलटं केलं, खिळे सांभाळले आणि ठसे कुलपात टाकले. कुलूप शब्दशः होतं. सॉफ्टवेअरबरोबर प्रिंटरच्या पोर्टात लावायचं एक हार्डवेअर लॉक येई, ते नसेल तर काहीच उघडायचं नाही.

लिनक्सवर आलो तेव्हा मला वाटलं होतं, फॉन्टचा प्रश्न म्हणजे एकच प्रश्न. निघाले तीन.

पहिला चौकोनांचा, तो सर्वांत सोपा. अक्षर युनिकोडमध्ये बरोबर लिहिलेलं आहे, घरात खिळा नाही. लोहित नावाच्या फॉन्टचं पॅकेज बसवलं आणि पाच मिनिटांत मराठी दिसू लागली. हा लोहितही मूळचा पुण्याचा. तिथल्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये मुक्त परवान्यानं खुले केले. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एफसी-लिस्ट’ लिहून पुढे भाषा ‘एमआर’ अशी अट घातली, की मराठी येणाऱ्या फॉन्टांची यादी मिळते. फॉन्टकॉन्फिग नावाची व्यवस्था हे काम बघते. कीथ पॅकार्डनं २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती उभी केली. प्रत्येक भाषेला लागणाऱ्या अक्षरांची एक यादी तिच्याजवळ असते. ती सगळी ज्याच्याकडे आहेत तोच फॉन्ट त्या भाषेचा. आमचे बाबा नवीन फाउंट विकत घेताना हेच करत, पहिला हात ‘ळ’च्या खणात.

दुसरा प्रश्न बदलीच्या फॉन्टचा, आणि माझा राग आहे तो यावर. एका निवृत्त प्राध्यापकांचं आत्मचरित्र माझ्याकडे आलं, वर्डमध्ये, मंगल फॉन्टात. मंगल हे र. कृ. जोशींचं काम. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवलेला माणूस. विंडोज २००० पासून हा फॉन्ट घरोघरी पोचला. माझ्याकडे तो नव्हता. लिनक्सवर वर्डचं काम करणाऱ्या लिब्रेऑफिसनं फाईल उघडली, सगळं छान वाचता येत होतं. मी अनुक्रमणिका तपासली आणि छापायला दिली. प्रत हातात आल्यावर प्राध्यापकांचा फोन : “अहो, माझे वडील एकशे बारावर वारलेत, अनुक्रमणिकेत एकशे नऊवर!” मंगलच्या जागी लोहित बसला होता. त्याची अक्षरं वेगळ्या रुंदीची, ओळी वेगळ्या तुटल्या, पानं सरकली. अनुक्रमणिका सरांनी घरी हातानं टाइप केलेली, ती होती तशीच राहिली. दुसऱ्या छपाईचा खर्च मी सोसला.

कॉम्प्युटरनं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, पण हळू आवाजात. फॉन्टच्या नावाच्या चौकटीत ‘मंगल’ हा शब्द तिरक्या अक्षरात दिसत होता, तीच खूण, हा फॉन्ट इथे नाही. नंतर टर्मिनलवर ‘एफसी-मॅच’ला विचारलं, मंगल मागितला तर तू काय देशील? त्यानं खुशाल डेजाव्यू सॅन्स पुढे केला, ज्यात देवनागरीचं एक अक्षर नाही. भाषा मराठी असं जोडून विचारलं तेव्हा कुठे लोहित आला. इंग्रजीत ही अडचण बरीच मिटली आहे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी बसणारे लिबरेशन फॉन्ट २००७ मध्ये आले, ते अक्षरागणिक त्याच रुंदीचे, त्यामुळे ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. कॅलिब्रीसाठी कार्लितो आहे. मंगलला असा जुळा भाऊ मला आजवर मिळालेला नाही. मायक्रोसॉफ्टचे जुने मोफत फॉन्ट आणून देणारं पॅकेज लिनक्सवर मिळतं, पण त्यातही मंगल नाही. चुपचाप बदली करण्यापेक्षा चौकोन बरा, असं माझं मत झालं ते या फोनपासून.

याच प्रश्नाचा एक नाजूक पोटभेद आहे. अक्षर आहे, पण आपल्या वळणाचं नाही. हिंदीचा दांडीवाला ‘ल’ आणि मराठीचा दोन पाकळ्यांचा ‘ल’ यांचा युनिकोड क्रमांक एकच. ‘श’चंही तसंच. आमच्या छापखान्यात हिंदी ‘ल’ चुकून मराठी केसीत पडला तर बाबा तो चिमट्यानं वेचून काढत. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणं ठरवून दिली. लिनक्सवर लोहित आणि नोटो या दोन्हींच्या पोटात दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं दस्तऐवजात नोंदवलं तरच मराठी ‘ल’ बाहेर येतो. नुसता फॉन्ट बसवून भागत नाही. भाषेच्या खान्यात हिंदी राहिली तर हिंदीच दिसेल, आणि शंभरातले नव्वद लोक तो खाना कधी उघडत नाहीत.

पीडीएफ आली तर मी आता आधी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवतो. ती एक तक्ता छापते, त्यात ‘ईएमबी’ नावाचा रकाना असतो. तिथे ‘येस’ असेल तर फॉन्ट फाईलच्या आत आहे, चिंता नाही. ‘नो’ असेल तर ठसा पाठवणाऱ्याच्या घरी राहिलाय.

तिसरा प्रश्न घरच्या कपाटातून निघाला. १९९७ चा एक दिवाळी अंक आम्हीच जुळवला होता, पेजमेकरमध्ये. छापील प्रती गोदामात पाणी शिरून गेल्या. सीडी होती. लिब्रेऑफिस ४.४ पासून पेजमेकरच्या फाईली उघडू लागलं, हे कळल्यावर २०१५ च्या उन्हाळ्यात मी ती सीडी घातली. फाईल उघडली. चौकटी जागेवर, शीर्षकांच्या रेघा जागेवर, आणि मजकूर सगळा मांजर चालत गेल्यासारखा. इथे चौकोन नव्हते. कॉम्प्युटरच्या मते काही हरवलेलंच नव्हतं, इंग्रजी अक्षरं होती आणि ती त्यानं प्रामाणिकपणे दाखवली.

अंकाचा फॉन्ट त्या लॉकवाल्या सॉफ्टवेअरमधला, पण लॉक लावायला पोर्ट असलेला कॉम्प्युटर आता कुठून आणणार? शेवटी आमच्याकडे पूर्वी काम केलेल्या एका ऑपरेटरच्या घरी, शिलाई मशीनच्या खणात फ्लॉपी सापडली, त्यात त्या फॉन्टची टीटीएफ फाईल. होम फोल्डरमध्ये ‘.लोकल’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात ‘शेअर’, त्यात ‘फॉन्ट्स’. तिथे ती ठेवली, ‘एफसी-कॅश’ चालवलं आणि लिब्रेऑफिस पुन्हा उघडलं. संपादकीयाची पहिली ओळ वाचता आली तेव्हा मी उठून चहा करून आलो, मग दुसरी वाचली.

वाचता आलं म्हणजे सुटलं असं नव्हे. मजकूर शोधता येत नव्हता, कुठे पाठवता येत नव्हता. मग एकेका घराचा तक्ता करत तो युनिकोडमध्ये आणला, भाच्यानं छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागे, ते उलटं करायचं. रफार मागून उचलून पुढे न्यायचा. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांनी सर्वांत जास्त छळलं. हा आपला खास मराठी अर्धा र. युनिकोडमध्ये तो नुक्त्याच्या ‘ऱ’पासूनही करता येतो आणि साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावूनही. दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही.

मोडीला तर युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली. भोसल्यांची ती वंशावळ आज कुणी मोडीतच टाइप करून पाठवली, तर मोडी फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत चौकोन दिसतील. पण त्या चौकोनांत अंक असतील, आणि फॉन्ट बसवला की तीच फाईल वाचता येईल.

आमच्या दिवाळी अंकाची एकशे अठ्ठेचाळीस पानं वाचून झाली आहेत. कवितांची अकरा पानं वेगळ्या, नक्षीदार फॉन्टात लावली होती, ती राहिली. तो फॉन्ट माझ्याकडे नाही. १९९२ ते २००५ या काळात कुणाच्या घरात, दुकानात, छापखान्यात डीटीपी चाललं असेल आणि फ्लॉप्या-सीड्यांचा डबा अजून माळ्यावर असेल, तर तो भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. पेजमेकरच्या फाईली बाजूला ठेवा आणि त्यांच्याबरोबर टीटीएफच्याही. डब्यावर कुठल्या फाईलीला कुठला फॉन्ट ते बॉलपेननं लिहून ठेवा.